किमान एक फेरी आणि सुबक पडदा : जावातील ‘डू-व्हाइल’ आवर्तन व स्वरूपित आउटपुट यांची चिकित्सा

गोषवारा

जावा भाषेच्या प्रारंभिक अध्यापनात ‘डू-व्हाइल’ हे आवर्तन आणि ‘प्रिंटएफ’ या पद्धतीने मिळणारे स्वरूपित आउटपुट बहुधा एकाच प्रात्यक्षिकात एकत्र येतात. पहिली रचना किमान एक फेरी होईल अशी हमी देते. दुसरी पडद्यावरील मजकूर रेखीव करते. या दोन्ही सोयी उपयुक्त आहेत. तथापि आज्ञावलीतील अट चुकलेली असतानाही पडद्यावर समाधानकारक चित्र उभे राहावे, अशी शक्यता या दोहोंमुळे वाढते. पडद्यावरचे आउटपुट हाच अचूकतेचा पुरावा मानण्याच्या मूल्यमापन पद्धतीस त्यामुळे बाध येतो, हे प्रस्तुत लेखात उदाहरणांच्या आधारे दाखविले आहे. मराठी मजकूर व भारतीय अंकलेखन यांच्या संदर्भात स्वरूपित आउटपुटच्या मर्यादांचाही येथे विचार केला आहे.

बीजशब्द : जावा, डू-व्हाइल, प्रिंटएफ, अट, स्वरूपण, देवनागरी, प्रात्यक्षिक मूल्यमापन

१. प्रस्तावना

पंगतीत वाढण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत वाढणारा प्रत्येक पानापुढे थांबून ‘वाढू का?’ असे विचारतो आणि होकार मिळाल्यावरच वाढतो. दुसऱ्या रीतीत पहिली वाढ न विचारता सर्व पानांवर पडते. ‘आणखी हवे का?’ हा प्रश्न त्यानंतर येतो. संगणकाच्या भाषेत पहिल्या रीतीस ‘व्हाइल’ आवर्तन म्हणतात, तर दुसरीस ‘डू-व्हाइल’. दोहोंतील भेद केवळ प्रश्नाच्या जागेचा आहे. परंतु पंगतीत एखादा पाहुणा उपवासाचा असेल, तर तेवढ्याच भेदाने त्याचे पान वाया जाते. ‘डू-व्हाइल’ची सारी उपयुक्तता आणि तिचे सारे धोके या एका प्रसंगात सामावलेले आहेत.

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत या रचनेचा सर्वांत परिचित अवतार म्हणजे पर्यायसूचीवर चालणारी आज्ञावली होय. पडद्यावर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि ‘बाहेर पडा’ असे पर्याय दिसतात, विद्यार्थी एक क्रमांक देतो, उत्तर ‘प्रिंटएफ’च्या साहाय्याने दोन दशांश स्थळांपर्यंत छापले जाते, आणि ‘पुन्हा करायचे का?’ असा प्रश्न येतो. विद्यार्थी त्या आउटपुटची प्रत प्रात्यक्षिक वहीत चिकटवतो, शिक्षक स्वाक्षरी करतात आणि प्रयोग पूर्ण झाला असे मानले जाते. ही पद्धत सोयीची आहे, यात संशय नाही. परंतु वहीत चिकटविलेली ती प्रत नेमके काय सिद्ध करते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत चिकित्सेचा रोख त्याच प्रश्नावर आहे.

२. रचनांचा वारसा

या दोन्ही सोयी जावाने स्वतः निर्माण केलेल्या नाहीत. त्या सी भाषेकडून आल्या. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी घडविली. ब्रायन कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ मधील सुप्रसिद्ध ग्रंथात ‘डू-व्हाइल’चा वापर अन्य आवर्तनांच्या तुलनेने बराच कमी होतो, असे नमूद आहे. निकलाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेतही किमान एकदा घडणारे आवर्तन होते. मात्र तेथे अट खरी ठरली की आवर्तन थांबत असे. सीमध्ये आणि पुढे जावात अट खरी असेपर्यंत आवर्तन चालू राहते. एका भाषेकडून दुसऱ्या भाषेकडे वळणाऱ्या पिढीस हा उलटा अर्थ आत्मसात करावा लागला.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा जाहीर केली आणि १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीचे बाह्यरूप राखले, पण अनेक ठिकाणी शिस्त वाढविली. सीमध्ये कोणतीही संख्या अट म्हणून चालते. जावात अट ही सत्य किंवा असत्य याच प्रकारची असावी लागते. ‘निवड पाच आहे का?’ असे विचारण्याऐवजी चुकून ‘निवड पाच कर’ असे लिहिले, तर सीचा कंपायलर ते मान्य करतो; जावाचा कंपायलर ते नाकारतो. मात्र चल स्वतःच सत्य-असत्य प्रकारचा असेल, तर हीच चूक जावातही निसटून जाते.

स्वरूपित आउटपुटची कथा वेगळी आहे. पहिली जवळजवळ नऊ वर्षे जावात ‘प्रिंटएफ’ नव्हते. संख्या रेखीव छापण्यासाठी ‘डेसिमलफॉरमॅट’सारख्या स्वतंत्र वर्गांचा आधार घ्यावा लागे. सप्टेंबर २००४ मध्ये आलेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीत ‘प्रिंटएफ’ व ‘फॉरमॅटर’ आले, आणि त्याच आवृत्तीत कळफलकावरून माहिती घेणारा ‘स्कॅनर’ही आला. पर्यायसूचीची आज्ञावली आज ज्या रूपात लिहिली जाते, ते रूप खऱ्या अर्थाने २००४ नंतरचे आहे. माहिती घेणे, फेरी चालविणे आणि उत्तर सजविणे या तिन्ही गोष्टी तेव्हापासून नवशिक्याच्या हाती एकदम आल्या.

३. हमीचे मोल

‘किमान एकदा’ ही हमी जेथे विषयाच्या स्वरूपातच असते, तेथे ‘डू-व्हाइल’ ही सर्वांत प्रामाणिक रचना ठरते. एखाद्या संख्येतील अंक मोजण्याचे उदाहरण घ्यावे. संख्येला दहाने भागत जायचे आणि प्रत्येक भागाकारागणिक मोजणी एकाने वाढवायची, ही त्याची रीत. ‘संख्या शून्यापेक्षा मोठी असेपर्यंत’ अशी अट आरंभी ठेवून ‘व्हाइल’ लिहिले, तर ४५ साठी उत्तर २ येते, ७ साठी १ येते, पण शून्यासाठी ० येते. शून्य ही संख्यादेखील लिहिताना एक अंक लागतोच. अट शेवटी नेली की एक फेरी अटळ होते आणि शून्याचे उत्तर १ असे योग्य येते. कर्निघन व रिची यांनीही संख्येचे अक्षरमालेत रूपांतर करताना याच कारणाने ही रचना वापरली आहे. येथे ‘डू-व्हाइल’ ही लेखकाची सोय नसून संख्यालेखनाच्या वस्तुस्थितीचे प्रतिबिंब आहे.

जावाचा कंपायलर ही हमी गांभीर्याने घेतो. स्थानिक चलास मूल्य मिळाले आहे याची खात्री पटल्याखेरीज जावा तो चल वाचू देत नाही. ‘व्हाइल’च्या आत मूल्य दिलेला चल बाहेर वापरू गेल्यास कंपायलर हरकत घेतो, कारण ती फेरी एकदाही न होण्याची शक्यता असते. ‘डू-व्हाइल’च्या बाबतीत, मधूनच बाहेर पडण्याची वाट ठेवलेली नसेल तर, तो हरकत घेत नाही. भाषेचा नियम आणि रचनेचा अर्थ यांचा असा मेळ वर्गात आवर्जून दाखविण्यासारखा आहे. आवर्तनाच्या प्रकारांची निवड ही रुचीची बाब नसून तीत काही एक विधान केलेले असते, हे त्यातून विद्यार्थ्यास उमगते.

४. हमीची किंमत

हीच हमी अस्थानी दिली गेली, तर चूक झाकण्याचे साधन बनते. अंक मोजण्याचेच उदाहरण पुढे नेले असता हे स्पष्ट होते. वर दिलेली ‘शून्यापेक्षा मोठी’ ही अट ऋण संख्यांसाठी चुकीची आहे. ‘व्हाइल’च्या रूपात उणे ४५ दिल्यास उत्तर ० येते. कोणत्याही संख्येत शून्य अंक असू शकत नाहीत, म्हणून विद्यार्थी चमकतो आणि अट पुन्हा तपासतो. ‘डू-व्हाइल’च्या रूपात उत्तर १ येते. ते चुकीचेच आहे, पण अशक्य वाटत नाही. उणे ७ दिल्यास उत्तर योगायोगाने बरोबरही येते. पहिल्या रूपात चूक ओरडून सांगते. दुसऱ्या रूपात ती सभ्य वेषात समोर येते. ‘संख्या शून्य नसेपर्यंत’ अशी अट लिहिली की दोष दूर होतो. परंतु तो दोष आहे हे कळण्याची संधी एका अटळ फेरीने हिरावून घेतलेली असते.

दुसरे उदाहरण पर्यायसूचीतील ‘पुन्हा करायचे का?’ या प्रश्नाचे आहे. विद्यार्थी उत्तर अक्षरमाला म्हणून घेतो आणि समानता तपासण्यासाठी दोन बरोबर चिन्हे वापरतो. जावात या चिन्हांनी दोन अक्षरमालांचा मजकूर ताडला जात नाही. त्या एकच वस्तू आहेत का, एवढेच पाहिले जाते. ‘स्कॅनर’ने वाचलेले अक्षर आणि आज्ञावलीत लिहिलेले अक्षर या दोन निराळ्या वस्तू असतात. परिणामी ‘होय’ असे उत्तर देऊनही आवर्तन पहिल्याच फेरीनंतर थांबते. मजकूर ताडण्यासाठी ‘इक्वल्स’ ही पद्धत वापरणे आवश्यक असते. तथापि वहीत चिकटविण्यासाठी एका फेरीचे आउटपुट पुरेसे असते आणि ते यथास्थित मिळालेले असते. अट कधीच खरी ठरत नाही, आणि तरीही प्रयोग ‘यशस्वी’ ठरतो.

तिसरे उदाहरण फाइल वाचनाचे आहे. आधी ओळ वाचायची, मग ती छापायची आणि शेवटी ‘ओळ मिळाली होती का?’ असे विचारायचे, या क्रमाने लिहिलेली आज्ञावली फाइल संपल्यावरही एक फेरी पूर्ण करते आणि अखेरीस ‘नल’ हा शब्द छापते. छापण्याऐवजी त्या ओळीची लांबी विचारली, तर आज्ञावली अपवाद फेकून थांबते. रिकाम्या फाइलच्या बाबतीत हे पहिल्याच फेरीत घडते. पंगतीतला उपवासाचा पाहुणा तो हाच.

‘स्कॅनर’च्या संदर्भातील दोष याहून अधिक त्रासदायक आहे. संख्येची अपेक्षा असताना वापरकर्त्याने अक्षर दिले, तर ‘स्कॅनर’ अपवाद फेकतो, पण ते अक्षर उचलून बाजूला टाकत नाही. ते तेथेच राहते. विद्यार्थ्याने फेरीच्या आत अपवाद पकडून केवळ ‘चुकीची निवड’ असा संदेश छापला, तर पुढील फेरीत तेच अक्षर पुन्हा वाचले जाते, पुन्हा अपवाद येतो आणि पर्यायसूची पडद्यावरून अखंड धावू लागते. चुकीचा शब्द वाचून टाकून देणे, अथवा पुढे संख्याच आहे ना हे आधी विचारणे, हे यावरील उपाय आहेत. दुसरा उपाय म्हणजे पुन्हा ‘आधी प्रश्न, मग कृती’ हाच क्रम होय.

रचनेत एक अंगभूत अवघडपणाही आहे. जावात ‘डू’च्या कंसात जाहीर केलेला चल कंसाबाहेरील अटीला दिसत नाही. वापरकर्त्याची निवड आत जाहीर करून अटीत वापरली, तर कंपायलर ती ओळखत नाही. म्हणून ती कंसाच्या आधीच जाहीर करावी लागते. जो चल केवळ फेरीपुरता हवा असतो, तो त्यामुळे फेरीबाहेरही जिवंत राहतो. २०१६ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या कॉटलिन भाषेने ही अडचण दूर केली. तेथे आतला चल अटीस दिसतो. पायथन आणि गो या भाषांनी तर ही रचनाच स्वीकारली नाही, आणि त्यांवाचून त्या भाषांचे काही अडलेले नाही. यावरून ‘डू-व्हाइल’ त्याज्य ठरते असे नाही. मात्र तिचा वापर कारणाशिवाय करू नये, एवढे निश्चित म्हणता येते.

५. सुबकतेची शिस्त आणि तिच्या फटी

‘प्रिंटएफ’चे गुण मान्य केले पाहिजेत. एका साच्यात मजकूर आणि जागा निश्चित करायच्या व मूल्ये स्वतंत्रपणे द्यायची, ही कल्पना स्वच्छ आहे. स्तंभाची रुंदी, डावी-उजवी मांडणी, दशांश स्थळांची संख्या, आरंभीची शून्ये हे सारे एका ओळीत सांगता येते. तुकडे जोडत लिहिलेल्या छपाईच्या आज्ञेपेक्षा असा साचा वाचायला कितीतरी सोपा असतो.

सीच्या तुलनेत जावाने येथेही शिस्त वाढविली आहे. न जुळणारी सूचना सी अनेकदा मुकाट्याने दुर्लक्षिते. जावा अपवाद फेकते. दशांश संख्येच्या साच्यात पूर्णांक दिला, तर जावाची आज्ञावली थांबते. परंतु ही शिस्त चालताना लागू होते, लिहिताना नव्हे. साचा ही कंपायलरच्या दृष्टीने एक साधी अक्षरमाला असते; तीत काय लिहिले आहे ते तो पाहत नाही. गुणपत्रकाच्या चाळीस ओळी छापून झाल्यावर एकेचाळिसाव्या ओळीत अपवाद उद्भवू शकतो. शिवाय साच्यात जागा कमी आणि मूल्ये जास्त असतील, तर उरलेली मूल्ये कोणतीही तक्रार न करता सोडून दिली जातात. एखादा स्तंभ साच्यात लिहायचा राहिला, हे त्यामुळे कळतच नाही.

निकटनाचा, म्हणजे दशांश स्थळे कमी करण्याचा, प्रश्नही लक्षणीय आहे. ०.१२५ ही संख्या दोन स्थळांपर्यंत छापताना ‘प्रिंटएफ’ अर्धा वर ढकलते आणि ०.१३ देते. त्याच जावातील ‘डेसिमलफॉरमॅट’ मात्र, वेगळी सूचना दिलेली नसेल तर, अर्धा जवळच्या सम अंकाकडे नेतो आणि ०.१२ देतो. एकाच भाषेतील दोन सोयी एकाच संख्येची दोन रूपे दाखवितात. दोन्ही रूढ नियम आहेत, दोन्ही सकारण आहेत. पण आपण कोणता नियम वापरीत आहोत हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हिशेबात पैशाचा फरक पडतो.

६. पडदा आणि अट

आतापर्यंतचे दोष स्वतंत्रपणे पाहिले. त्यांची युती झाली असता काय होते, हे पुढील छोट्या प्रयोगातून दिसते. एक चल शून्यापासून सुरू होतो. प्रत्येक फेरीत त्यात ०.१ मिळवायचे, चल एका दशांश स्थळापर्यंत छापायचा आणि ‘चल १.० इतका नसेपर्यंत’ फेरी चालू ठेवायची. पडद्यावर ०.१, ०.२, ०.३ असे आकडे उमटू लागतात. दहाव्या ओळीत १.० छापले जाते. आवर्तन थांबणे अपेक्षित असते. ते थांबत नाही. पुढे १.१, १.२ असे आकडे येतच राहतात.

कारण सुपरिचित असले तरी पुन्हा सांगण्याजोगे आहे. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत सांत रूपात मांडता येत नाही. संगणक तिच्या अत्यंत निकटचे मूल्य साठवतो. अशा दहा मूल्यांची बेरीज १ न होता ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते. अट या मूल्यास १ शी ताडते आणि ते वेगळे आहे असे प्रामाणिकपणे सांगते. ‘प्रिंटएफ’ त्याच मूल्यास १.० असे सौजन्याचे रूप देते. दोहोंपैकी कोणीही आपल्या नियमाशी अप्रामाणिक नाही. फसतो तो पडद्याकडे पाहून अटीविषयी अनुमान करणारा वाचक. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. साध्या छपाईची आज्ञा वापरली असती, तर ते लांबलचक मूल्य समोर येऊन दोष दहाव्या ओळीतच उघड झाला असता.

हा दोष प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहत नाही. गुणपत्रक छापणाऱ्या आज्ञावलीचा विचार करावा. ५०० पैकी २९९ गुण म्हणजे ५९.८ टक्के. दशांश स्थळे नकोत म्हणून साचा पूर्णांकाचे रूप देतो आणि टक्केवारीच्या स्तंभात ६० छापले जाते. श्रेणी ठरविणारी अट मात्र मूळ ५९.८ वर चालते आणि प्रथम श्रेणीसाठी ६० ची मर्यादा असेल, तर शेजारच्या स्तंभात ‘द्वितीय श्रेणी’ छापते. त्या कागदाकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्यास अन्याय झाला असेच वाटेल आणि त्याचे समाधान करणे अवघड जाईल. टक्केवारी आधी पूर्णांकात न्यायची आणि मग श्रेणी ठरवायची, की मूळ मूल्यावर श्रेणी ठरवायची आणि तेच मूल्य छापायचे, हा निर्णय नियमावलीचा आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने तो साच्यातील एका अंकावर सोडता कामा नये. हिशेबातही तेच घडते. दहा रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकापुढे ३.३३ छापले जाते आणि तळाशी एकूण १०.०० येते, स्तंभाची बेरीज करणारास ९.९९ मिळतात. रकमा पैशांच्या पूर्णांकात ठेवणे आणि उरलेला पैसा कोणाच्या वाट्यास जाईल हे स्पष्ट ठरविणे, हाच येथे खरा उपाय आहे.

७. मराठी मजकुराची कसोटी

स्वरूपित आउटपुटच्या गृहीतकांची आणखी एक परीक्षा मराठी मजकूर छापताना होते. स्तंभाची रुंदी दहा ठेवून गावांची नावे डावीकडे जुळवून छापली, तर रोमन लिपीत समान रुंदीच्या अक्षरांमुळे पुढील स्तंभ सरळ रेषेत येतो. देवनागरीत तो वाकडातिकडा होतो, कारण ‘प्रिंटएफ’ वाचकास दिसणारी अक्षरे मोजत नाही, ती साठवणुकीतील घटक मोजते. त्या मोजणीत मात्रा, वेलांटी, हलंत चिन्ह हे सारे स्वतंत्र घटक असतात. ‘कळवण’ या शब्दात चार घटक आहेत आणि दिसणारी अक्षरेही चार. ‘पुणे’ या शब्दातही चार घटक आहेत, पण दिसणारी अक्षरे दोनच. दोहोंपुढे सहा-सहा रिकाम्या जागा सोडल्या जातात आणि पुढील स्तंभ एका ओळीत दहा अक्षरांनंतर, तर दुसऱ्या ओळीत आठ अक्षरांनंतर सुरू होतो. ‘कोल्हापूर’ची गत याहून बिकट आहे. दिसणारी अक्षरे चार, घटक नऊ; म्हणून त्यापुढे अवघी एक रिकामी जागा उरते. अक्षरांच्या सीमा शोधण्यासाठी जावात ‘ब्रेकइटरेटर’ नावाची वेगळी सोय आहे, परंतु ‘प्रिंटएफ’ रुंदी ठरविताना तिचा आधार घेत नाही.

अंकलेखनाचीही अशीच कथा आहे. सप्टेंबर २०१७ मधील जावाच्या नवव्या आवृत्तीपासून युनिकोड संस्थेच्या लोकेल-भांडारातील माहिती मूळ पर्याय म्हणून वापरली जाऊ लागली. त्यामुळे मराठी लोकेल दिल्यास ‘प्रिंटएफ’ अंक देवनागरीत छापते. ही आनंदाची बाब आहे. परंतु स्वल्पविरामाची सूचना दिली असता एक कोटी तेवीस लक्ष पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर ही संख्या १,२३,४५,६७८ अशी न छापता १२,३४५,६७८ अशी छापली जाते. अंक आपले, गट परके. याचे कारण असे की, जावाच्या प्रमाणित संख्या-स्वरूपणात गटाचा एकच आकार असतो. साच्यात अनेक स्वल्पविराम दिले तरी केवळ शेवटच्या गटाची लांबी ग्राह्य धरली जाते, असे ‘डेसिमलफॉरमॅट’च्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद आहे. आधी तीन आणि मग दोन-दोन अंकांचे गट करणारी आपली पद्धत त्या चौकटीत बसत नाही. आयसीयू या मुक्त ग्रंथालयात दुय्यम गटाची सोय आहे. अथवा स्वतः एक छोटी पद्धत लिहावी लागते. विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम स्वाध्याय ठरू शकतो. उजवीकडून आधी तीन अंक वेगळे काढायचे आणि उरलेल्या भागातून, तो संपेपर्यंत, दोन-दोन. पहिला गट शून्यासह प्रत्येक संख्येत असतोच. पुढचे गट असतील किंवा नसतील. कोणते काम अटीशिवाय होते आणि कोणत्या कामाआधी अट विचारावी लागते, हे विद्यार्थ्यास येथे स्वतःच ठरवावे लागते.

८. अध्यापन आणि मूल्यमापन

पर्यायसूचीच्या प्रात्यक्षिकाचे समर्थन करणारा पक्ष दुर्बल नाही. नवशिक्या विद्यार्थ्यास आपली आज्ञावली चालताना, बोलताना दिसते. त्यातून मिळणारा आत्मविश्वास अमूल्य असतो. कन्सोलवरील आउटपुट व्यवहारात कालबाह्य झाले आहे, ही तक्रारही पूर्णतः योग्य नाही. नोंदवह्या, अहवाल आणि सर्व्हरवरील लहानमोठी साधने आजही मजकुराच्या ओळींतच बोलतात. म्हणून प्रात्यक्षिक बदलण्यापेक्षा त्याच्या मूल्यमापनाची रीत बदलणे अधिक इष्ट आहे.

त्या दृष्टीने काही साधे बदल सुचविता येतात. पहिला असा की, कोणत्याही आवर्तनाचे आउटपुट एका फेरीवरून स्वीकारू नये. रिकामी माहिती, एकच नोंद, अनेक नोंदी आणि अयोग्य नोंद अशा चार स्थितींतील आउटपुट मागावे. वर पाहिलेल्या दोषांपैकी बहुतेक या चार स्थितींत आपोआप उघडे पडतात. दुसरा बदल असा की, स्वरूपित आउटपुटबरोबर त्याच मूल्यांचे साधे, न सजविलेले आउटपुटही एकदा पाहावे. तिसरा बदल मौखिक परीक्षेचा आहे. ‘डू-व्हाइल आणि व्हाइल यांतील फरक सांगा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. त्याऐवजी विद्यार्थ्याच्याच आज्ञावलीकडे बोट दाखवून ‘येथे पहिली फेरी विनाअट का असावी?’ असे विचारावे. उत्तर विषयाच्या स्वरूपातून आले, तर रचना योग्य आहे. ‘पुस्तकात तशी आहे’ असे आले, तर शिकवणे अपुरे आहे. चौथा बदल गुणदानाचा. आउटपुटच्या मांडणीस आणि अटीच्या अचूकतेस स्वतंत्र गुण असावेत, आणि दुसऱ्याचे वजन अधिक असावे.

अर्थात यासाठी शिक्षकाचा वेळ लागतो. विद्यार्थिसंख्या मोठी आणि प्रात्यक्षिकाचे तास मोजके असता प्रत्येक आज्ञावली चार स्थितींत चालवून पाहणे सोपे नाही. परंतु तपासण्याचे काम विद्यार्थ्यांनीच परस्परांच्या आज्ञावलींवर करावे, अशी योजना करता येते. दुसऱ्याची आज्ञावली मोडण्याचा प्रयत्न करताना विद्यार्थी अटीकडे जितक्या बारकाईने पाहतो, तितके स्वतःची लिहिताना क्वचितच पाहतो.

९. समारोप

‘डू-व्हाइल’ आणि ‘प्रिंटएफ’ या जावातील लहान सोयी आहेत. त्यांपैकी एक कृतीस प्रश्नाच्या आधी ठेवते, दुसरी रूपास मूल्याच्या पुढे ठेवते. योग्य जागी दोन्ही उपकारक आहेत : शून्यालाही एक अंक असतो हे पहिलीमुळे सहज मांडता येते, आणि दुसरीमुळे आकड्यांचा ढीग वाचनीय तक्ता बनतो. परंतु एका फेरीचे आउटपुट हा अटीचा पुरावा नव्हे आणि रेखीव स्तंभ हा हिशेबाचा पुरावा नव्हे. प्रात्यक्षिक वहीतील कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी ही दोन वाक्ये आठवली, तर त्या स्वाक्षरीस अर्थ राहील. आज गुणपत्रकाचा सराव म्हणून लिहिलेली आज्ञावली उद्या एखाद्या खऱ्या विद्यार्थ्याची श्रेणी ठरविणार असते. त्या दिवशी ५९.८ आणि ६० यांतील अंतर कोणी व कोठे ठरविले, याचे उत्तर अटीतच शोधावे लागेल, आणि ती अट लिहिणारा आज या वर्गात बसलेला असतो.